शिवलेले खिसे

शेणोलीकरांच्या घरात कोणतीही मोठी गोष्ट ठरते ती ज्याच्याबद्दल ठरवायची ते माणूस स्वयंपाकघरात असताना. नीलाचं लग्न असंच ठरलं होतं, दिगंबररावांची बायपास अशीच ठरली होती. आणि आता मे महिन्याच्या शेवटच्या लाँग वीकेंडला, अमेरिकेत, एडिसनला मुलाच्या, परीक्षितच्या घरी, शोभनाताई साबुदाण्याचे वडे थापत असताना हॉलमध्ये त्यांचं उरलेलं आयुष्य ठरायला आलं होतं. सांगलीच्या घरात ही पद्धत चालून जायची, कारण तिथल्या स्वयंपाकघराला दार होतं. अमेरिकेतल्या स्वयंपाकघरांना दार नसतं, हे मात्र इतक्या वर्षांत कुणाच्या ध्यानात आलं नव्हतं.

निमित्त नॉरफोकच्या सहलीचं. जुलैत सगळ्यांनी इंग्लंडला जायचं, समुद्रकाठच्या आणि शेतीवाडीच्या त्या काउंटीत आठवडाभर राहायचं, मग आईला लंडनहून मुंबईच्या विमानात बसवून बाकीच्यांनी परत फिरायचं, असा बेत होता. कल्पना परीक्षितची. त्याचे वडील दिगंबरराव साखर कारखान्यात केमिस्ट होते आणि अठ्ठ्याहत्तर सालच्या हिवाळ्यात बिटापासून साखर कशी काढतात ते शिकायला तिकडे राहिले होते. शोभनाताईही तेव्हा त्यांच्याबरोबर होत्या, हे घरातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. बाबांना जाऊन दोन वर्षं झाली होती. निदान आईला तरी ती जागा पुन्हा दाखवावी, इतकाच साधा हेतू होता. साधे हेतू या घराला मानवत नाहीत, त्याला परीक्षित तरी काय करणार?

"आई, दोन मिनिटं बाहेर ये ना. तुमचं गाव सापडलंय बहुतेक."

शोभनाताई हाताला चिकटलेला साबुदाणा तसाच घेऊन आल्या. भिंतीवरच्या टीव्हीवर परीक्षितने नकाशा लावला होता. सोफ्यावर नीला, त्यांची थोरली, कालच डॅलसहून विमानाने आलेली. तिचं घर डॅलसजवळच्या फ्रिस्कोला. खाली गालिच्यावर परीक्षितची इशिता, फोनमध्ये तोंड खुपसून. सून आश्लेषा कोपऱ्यात धुवायला द्यायच्या कपड्यांचा ढीग लावत होती.

"हा बघ साखर कारखाना," परीक्षित म्हणाला. "नॉरिचच्या पुढे. आणि कारखान्यापासून जवळचा समुद्र म्हणजे हा, ग्रेट यार्मथ. कॉटेज बघून ठेवलंय, एकदम बीचवर. इथेच कुठेतरी राहायचात ना तुम्ही?"

शोभनाताईंनी पुढे होऊन पाहिलं.

"हे नव्हे रे. तिथे कडा होता, समुद्राच्या अंगाला. खाली तांबडा आणि वर पांढरा. दोन रंगांची बर्फी लावतात ना, तसा."

"इथे कडा नाहीये आई. सगळं फ्लॅट आहे."

"होता. आणि खिडकीतून सूर्य समुद्रात बुडताना दिसायचा. हिवाळ्यात तर चार वाजायच्या आत. सकाळची पाळी असली की बसमधून उतरल्या उतरल्या हे धावत सुटायचे, तो बुडायच्या आत घर गाठायला."

"आजी, दॅट्स इम्पॉसिबल." इशिताने फोनमधून डोकं वर न काढता सांगितलं. "दॅट्स द ईस्ट कोस्ट. तिकडे सन राइज होतो. लाइक, जर्सी शोअरला तू कधी समुद्रात सनसेट बघितलास?"

शोभनाताईंनी कधीच बघितला नव्हता. मागच्याच महिन्यात सगळे त्या जवळच्या पूर्वेच्या किनाऱ्यावर गेले होते आणि मावळता सूर्य पाठीमागच्या पार्किंग लॉटवर होता. त्या नकाशाकडे बघत राहिल्या.

"मावळायचा गं," त्या म्हणाल्या, पण आवाज उतरला होता.

"आई," नीलाने डॉक्टर लहान मुलांशी बोलतात तसल्या मऊ आवाजात विचारलं, "गावाचं नाव काय होतं?"

"नाव... हे नुसतं समुद्रावरचं गाव म्हणायचे."

"बाबा म्हणायचे, बरोबर. पण तू राहिलीस ना तिथे? अख्खा हिवाळा?"

 शोभनाताईंनी हातावरचा वाळलेला साबुदाणा चोळला.

"तेल तापलंय माझं," म्हणून त्या आत गेल्या.

आत जाऊन त्यांनी चुलीवरचा धूर ओढणारा पंखा बंद केला. त्याच्या घरघरीत बाहेरचं ऐकू येत नसे.

नीला परीक्षितकडे सरकून बसली. तिला धाकट्या भावाचा राग आला होता आणि रडूही येत होतं, आणि दोन्ही एकदम आलं की ती मॅनेजरसारखी बोलू लागायची.

"बघितलंस? मी काय म्हणत होते?"

"ताई, सत्तेचाळीस वर्षं झाली त्याला."

"सो व्हॉट? मला माझ्या हॉस्टेलच्या वॉचमनचं नाव आठवतं. जिथे सहा महिने राहिली त्या गावाचं नाव नाही आठवत? नसलेला कडा आठवतो? गेल्या आठवड्यात देवळात फोन विसरली. काल इशिताला नीला म्हणून हाक मारली."

"ती मला पण ताई म्हणते कधी कधी."

"जोक नको करू यार. सांगलीला एकटी राहणार ती. गॅस चालू राहिला तर? मी आमच्याकडे न्यूरॉलॉजिस्टची अपॉइंटमेंट घेतलीये. लंडन-मुंबईचं तिकीट काढूच नकोस. नॉरफोक करून तिला परत आणू आणि मी फ्रिस्कोला नेते."

"फ्रिस्कोला का? इथे राहील. इथे तिला देऊळ आहे, ओक ट्री रोडवर आपली भाजी मिळते. तुझ्याकडे दिवसभर कोण असतं?"

"आणि तुझ्याकडे कोण असतं? आश्लेषा वर्क फ्रॉम होम करते म्हणजे घरी रिकामी असते का?"

आश्लेषाने चमकून वर पाहिलं. नणंदेने आपली बाजू घेण्याची ही पहिलीच वेळ होती आणि ती अशा कामासाठी असावी, याचं तिला हसू यावं की कीव, तिला कळेना. लग्न होऊन नागपूरहून या घरात आल्यापासून नीलाताईंचं बोलणं एका कानाने ऐकायची तिला सवय झाली होती. पण आज त्यांचं म्हणणं खोडून काढावं असं तिच्याकडे काही नव्हतं. आई गोंधळलेल्या होत्या, हे तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं.

परीक्षितच्या मांडीवरच्या लॅपटॉपवर दोन तिकिटं उघडी होती. एक लंडन ते मुंबई, एक लंडन ते न्यूआर्क, म्हणजे परत इथे. आईचा इंग्लंडचा व्हिसा आला तेव्हापासून तो पहिलं तिकीट काढायचं म्हणत होता आणि रोज पुढे ढकलत होता. का ढकलतो ते त्याचं त्यालाही सांगता आलं नसतं.

"तिला विचारू तरी," तो म्हणाला.

"तिला काय विचारायचं? ती म्हणणार सांगली."

आश्लेषाने ढिगातून सासूबाईंचा कोट उचलला. सगळ्या नातेवाइकांत हा कोट प्रसिद्ध होता. मरून रंगाचा, जाड लोकरी, मोठ्या बटणांचा. 'आईचा इंग्लंडचा कोट.' लहानपणी परीक्षित आणि नीला कपाटात शिरून त्याच्यात तोंड खुपसायची आणि डांबराच्या गोळ्यांच्या त्या वासाला इंग्लंडचा वास समजायची. या वेळी शोभनाताई हिवाळ्यात आल्या म्हणून तो घेऊन आल्या होत्या. पण इकडे त्यांना परीक्षितचं जुनं जाकीटच बरं पडलं आणि कोट टांगलेलाच राहिला. ड्राय क्लीनला देण्याआधी खिशात काही राहिलंय का ते बघावं म्हणून आश्लेषाने हात घातला.

हात आत जाईना.

तिने नीट पाहिलं. खिशाच्या तोंडाला पांढऱ्या दोऱ्याचे लांब लांब कच्चे टाके होते. नवा कोट शिवला की खिसा ओघळू नये म्हणून शिंपी घालतो तसले. घालायच्या आधी आपण उसवायचे असतात. तिने दुसरा खिसा पाहिला, तोही शिवलेला. म्हणजे हा कोट कुणी घालून थंडीत उभंच राहिलं नव्हतं. अख्खा हिवाळा इंग्लंडच्या समुद्रावर काढायचा आणि एकदाही खिशात हात घालायचा नाही, हे तिला काही केल्या पटेना.

बहीणभावांचं आता फ्रिस्कोतल्या ट्रॅफिकवर चाललं होतं. आश्लेषा कोट हातावर घेऊन स्वयंपाकघरात गेली आणि आधी तिने पंखा सुरू केला.

"आई," ती घरघरीच्या आडून म्हणाली, "याचे खिसे अजून शिवलेलेच आहेत."

शोभनाताईंनी कढईतला वडा उलटला, झारा बाजूला ठेवला. सुनेकडे न बघता त्या म्हणाल्या, "तुझ्या लक्षात येईल असं वाटलंच होतं. तू कपडे बघून धुतेस. नीला नुसती मशीनमध्ये कोंबते."

"तुम्ही गेलाच नव्हतात?"

"तिकीट निघालं होतं. पासपोर्ट झाला होता. हा कोट सांगलीत शिवून घेतला, शिंप्याने कधी असला शिवला नव्हता, तीनदा उसवला. आणि निघायच्या आठवड्यात सासूबाई न्हाणीघरात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. मग कुठली जाते? हे एकटेच राहिले तिकडे."

"मग आम्हाला सगळ्यांना..."

"आम्ही कुठे सांगितलं? हे परत आले आणि आम्ही दुसऱ्या कारखान्यावर गेलो, नवी कॉलनी. पहिल्याच हळदीकुंकवाला कारखान्याच्या एम.डीं.च्या बायकोने मला पुढे घेतलं, ह्या इंग्लंडला राहून आल्यात म्हणून. सगळ्या बायका माझ्याकडे बघायला लागल्या. मी पंचवीस वर्षांची, तोंडातून शब्द फुटेना. घरी येऊन रडले. तर हे म्हणाले, असू दे की. तुझं तिकीट निघालंच होतं, जाणारच होतीस तू. मी सांगतो तुला सगळं, बसल्या जागी जाऊन ये."

त्यांनी पदराने डोळे टिपले. चुलीचा धूर काही तितका नव्हता.

"रोज संध्याकाळी सांगायचे गं. आधी बायकांना उत्तरं देता यावीत म्हणून. मग आपलं तसंच. कडा, बस, घरमालकिणीची मांजर, शिजणाऱ्या बिटाचा वास. मी विचारायची, हे आठवून सांगायचे. मुलं झाली, ती माझ्या तोंडून ऐकतच मोठी झाली. त्यांना कधी सांगायचं राहूनच गेलं. आता मलाच कळत नाही बघ, कुठलं मी पाहिलेलं वाटतं आणि कुठलं ऐकलेलं."

"आई, बाहेर काय चाललंय ते..."

"ऐकलंय मी. मला फ्रिस्कोला नेणार आहेत." त्यांनी वडा ताटात काढला. "मी सांगलीशिवाय राहायची नाही, आश्लेषा. माझं घर आहे, खालच्या मजल्यावरची माणसं आहेत, सकाळचं फिरणं आहे. इथे मी पाहुणी आहे, तू कितीही केलंस तरी. पण मी खरं सांगितलं तर हे खोटं बोलले असं होतं. आणि पोरांना बाबा म्हणजे काय आहेत ते तुला माहितीये. नाही सांगितलं तर मी भ्रमिष्ट."

आश्लेषाने कोट दुसऱ्या हातावर घेतला. तिला या घराचा आजवर इतका राग कधी आला नव्हता, आणि इतकं प्रेमही.

"पण ते सगळं राहू दे," शोभनाताई एकदम म्हणाल्या. "सूर्य मावळत नाही का गं तिथे समुद्रात? इशू म्हणते ते खरं आहे का?"

"पूर्वेला समुद्र असेल तर... नाही मावळत, आई."

"मग हे काय सांगत होते मला?"

 मुलांना फसवलं याचं ओझं शोभनाताई इतकी वर्षं मजेत वाहत होत्या. आपल्यालाही फसवलं असेल, हा विचार त्यांना आजच शिवला होता आणि तो त्यांना सहन होत नव्हता.

तेवढ्यात हॉलमधून इशिता ओरडली, "ओ माय गॉड! आजी! कम हिअर!"

दोघी बाहेर आल्या. इशिता टीव्हीसमोर उभी होती. आजीला सगळ्यांसमोर खोटं पाडल्यापासून तिला चैन पडत नव्हतं. त्यात पप्पा आणि आत्या आजीबद्दल काय काय बोलत होते, तेही तिने गालिच्यावर बसून ऐकलं होतं. म्हणून तिने नकाशा हाती घेऊन नॉरफोकचा किनारा टोकापासून टोकापर्यंत बोटाने फिरून पाहिला होता.

"सी, इथे आत असा बे आहे. लाइक, कुणीतरी बाइट घेतलाय. आणि हे टाउन त्या बेच्या या साइडला आहे, सो इट फेसेस वेस्ट! ईस्ट कोस्टला असून वेस्टला! हन्स्टन्टन. आणि पप्पा, तुझी फॅक्टरी चुकीची होती. इथे किंग्ज लिनला पण शुगर फॅक्टरी होती, ती क्लोज झाली म्हणून मॅपवर नव्हती. नाऊ लुक."

तिने फोटो लावला. भिंतभर समुद्र उघडला, आणि त्याच्या अंगाला कडा. खाली तांबडा, वर पांढरा, मधली रेघ सुरीने कापल्यासारखी. पाण्यावर सूर्य टेकला होता.

शोभनाताई सोफ्याच्या पाठीला धरून उभ्या राहिल्या. सगळं होतं. त्यांनी सांगितलेलं काही कमी नव्हतं, काही जास्त नव्हतं. त्या हसायला लागल्या आणि हसता हसता रडायला लागल्या.

परीक्षितने उठून त्यांना जवळ घेतलं. त्याच्या छातीवरचा दगड उतरला होता. "बघ! आईला सगळं आठवतंय. चूक माझी, मी भलताच कारखाना धरला. ताई, आता बोल."

नीलाही उठली होती. "सॉरी आई. रिअली. मी उगाच काहीबाही..." तिने नाक पुसलं. "सांग ना, तू आणि बाबा कुठे उभे राहायचात? या कड्यावर की खाली वाळूत?"

सगळे त्यांच्याकडे बघत होते. आश्लेषा कोट छातीशी धरून स्वयंपाकघराच्या तोंडाशीच थांबली होती. तिला वाटत होतं, आता आईंनी नुसतं 'खाली वाळूत' म्हणावं. सगळं निभावलं होतं. मुंबईचं तिकीटही निघालं असतं.

शोभनाताईंनी पुन्हा फोटोकडे पाहिलं.

"मला काय माहीत?" त्या म्हणाल्या. "मी कुठे गेले होते? हे एकटेच होते तिकडे. मी आत्ताच बघतेय."

खोलीतला आनंद जागच्या जागी थिजला.  परीक्षितने नीलाकडे पाहिलं, नीलाने त्याच्याकडे. दोघांच्याही मनात एकच आलं आणि तेच दोघांना बोलायचं नव्हतं.

"आई," तो अगदी सावकाश म्हणाला, "असं काय बोलतेस? तू होतीस. तुमच्या घरमालकिणीची मांजर तुझ्या मांडीवर बसायची, तूच सांगितलंयस."

"ह्यांच्या बसायची."

"आई, प्लीज. तू जरा बस. पाणी देऊ?"

"अरे, खरं सांगतेय मी!"

"हो, हो. खरंच. बस तू आधी."

जन्मभर सगळं खपून गेलं होतं. खरं तेवढं कुणी घ्यायला तयार नव्हतं. शोभनाताई एका मुलाच्या तोंडाकडून दुसऱ्या मुलाच्या तोंडाकडे बघत राहिल्या, आणि पहिल्यांदाच त्यांना खरोखर भीती वाटली.

"त्या बरोबर बोलतायत," आश्लेषा म्हणाली.

"तू मध्ये पडू नकोस गं," नीला म्हणाली.

"पडणार. हे बघा नीलाताई." तिने कोट टीपॉयवर पसरला. "हात घाला खिशात. घाला ना."

नीलाने हात घालून पाहिला, तो आत जाईना. मग टाक्यांवरून बोट फिरवलं. मग दुसऱ्या खिशावरून. परीक्षित वाकून बघू लागला. लहानपणी या कोटात त्याने किती वेळा तोंड लपवलं होतं, पण खिशात हात घालावा असं एकदाही त्याच्या मनात आलं नव्हतं.

"हा कोट कधीच कुणी..." तो म्हणाला आणि थांबला.

मग शोभनाताईंनी सांगितलं. न्हाणीघर, खुबा, हळदीकुंकू, रोजच्या संध्याकाळी.  सांगून झाल्यावर नीला बराच वेळ कोटाच्या बटणाशी खेळत राहिली.

"बाबा पण ना," ती शेवटी म्हणाली. "आपल्याला वाटायचं ते बोलतच नाहीत घरात. आणि रोज तुला इतकं सांगायचे?"

"फक्त तेवढंच. बाकी कुठे बोलायचे? जेवताना मीठसुद्धा मागायचे नाहीत."

"मग आधी का नाही सांगितलंस? एवढा व्हिसा काढला, आम्ही चार महिने प्लॅन करतोय."

"मला कुणी विचारलं? तुम्ही ठरवून आलात. आणि मला जायचं होतं गं. एकदा बघायचं होतं." त्या थोड्या थांबल्या. "आत्तासुद्धा गप्प बसले असते. पण हे काही खोटं बोलले नव्हते, बघितलंत ना सगळ्यांनी? मग मी तिथे जाऊन बघितल्याचं सोंग का करू? मला पहिल्यांदाच बघू दे."

परीक्षितला काय वाटत होतं ते त्याला सांगता येईना. बाबांनी फसवलं म्हणून चिडावं, तर तसा राग येत नव्हता. आई जिथे गेलीच नव्हती त्या हिवाळ्यातून त्याचं अर्धं लहानपण आलं होतं, आणि त्यातलं काही खोटं ठरत नव्हतं. त्याने चष्मा काढून पुसला.

"इशू, कात्री आण," शोभनाताई म्हणाल्या.

त्यांनी एका खिशाचे टाके उसवले. दोरा जुना झालेला, ओढताच तुटत गेला. आत हात घातला आणि मनगटापर्यंत तसाच ठेवला. आतलं अस्तर करकरीत नवं होतं.

"अँड द अदर वन?" इशिताने विचारलं.

"तो तिथे गेल्यावर. समुद्रापुढे."

"जुलैत कोट घालणारेस तू?"

"वारा असतो. हे म्हणायचे."

"पण आई, ती अपॉइंटमेंट..." नीलाने सुरू केलं.

"ती तूच वापर. माझा फोन देवळात राहिला तो कुणामुळे? निघा निघा म्हणून घाई तूच लावली होतीस, व्हिडिओ कॉलवरून."

आश्लेषा खुदकन हसली. नीलाने तिच्याकडे रागाने पाहिलं, पण तो राग टिकला नाही आणि तीही हसली.

परीक्षितने लॅपटॉप मांडीवर घेतला. न्यूआर्कचं तिकीट बंद केलं. दुसऱ्यावर येऊन त्याचा हात थांबला. सवयीने तो नीलाकडे बघणार होता. मग त्याने मान वळवली.

"आई," त्याने विचारलं, "मुंबईपर्यंत कुठली सीट घेऊ तुला?"

शेणोलीकरांच्या घरात असं माणसाला समोर बसवून विचारायची रीत नव्हती, त्यामुळे शोभनाताईंना क्षणभर कळेचना की प्रश्न आपल्यालाच आहे. खिशातला हात तसाच ठेवून त्या सोफ्यावर बसल्या.

"खिडकी," त्या म्हणाल्या. "आणि लवकर काढ, नाहीतर मधली देतील."